तीस सेकंदांचा भोंगा

ऑफिसात त्याला सगळे कात्री म्हणायचे. टीव्हीच्या जाहिराती कापायचं काम, म्हणून कात्री. शूटिंगवाले चार-चार तास काहीबाही टिपून आणायचे आणि यानं त्यातून तीस सेकंद काढायचे, बाकीचं कचऱ्यात. अकरा वर्षं हेच. तीच खोली, तीच खुर्ची, खुर्चीचा एक हात तुटलेला आणि दुसरा चिकटपट्टीनं बांधलेला. खोलीला खिडकी नाही. बाहेर ऊन आहे की पाऊस, ते आत येणाऱ्याच्या चपलांवरून कळायचं.

आणि अकरा वर्षांत एकानंही विचारलं नव्हतं, की हे कापलं कोणी. जाहिरात चांगली झाली की डायरेक्टरची, वाईट झाली की कात्रीची.

आता जाहिरात कापताना खाली काहीतरी ताल लागतो. नुसतीच चित्रं जोडत बसलं तर ती दारुड्यासारखी चालतात, कधी इकडे झोकांडी, कधी तिकडे. म्हणून खरं संगीत तयार होईपर्यंत कसलीतरी धून खाली घालून ठेवतात. ऑफिसात तिला टेकू म्हणायचे. टेकूचा नियम एकच, तो मेलेला पाहिजे. नुसतं टकटक, टकटक. कारण साबणवाले असोत की पंखेवाले, ते एक गोष्ट दोनदा ऐकतात आणि तिच्या प्रेमातच पडतात. मग त्यांना दुसरं काही द्या, नाक मुरडतात. हे नवशिक्यालाही माहीत असतं. कात्री तर इतरांना शिकवायचा.

तरी त्या दिवशी त्यानं टेकू म्हणून भोंग्याचं गाणं लावलं.

भोंगा म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. जन्मला तेव्हा असा रडला होता म्हणे, की वरच्या मजल्यावरचे लोक भांडायला खाली आले. तेव्हापासून भोंगा. पुढे गायला लागला, चारचौघांत नाव झालं, तरी घरात भोंगाच. गाणी त्यानं वीसेक केली, चाललं एकच.

‘उशीर झाला, मान्य आहे, दार तेवढं उघड. शिव्या नंतर घाल गं, आधी दार उघड.’

वर्षभर सगळीकडे तेच. लग्नाच्या हॉलमध्ये, रिक्षात, सलूनमध्ये. लोकांना वाटायचं, पोरीसाठी लिहिलंय. घरच्यांना माहीत होतं, आईसाठी लिहिलंय. भोंगा गाण्याचे कार्यक्रम संपवून रात्री कधीही उगवायचा आणि आई दाराआडून त्याचा उद्धार केल्याशिवाय कडी काढायची नाही. दाराबाहेर उभा राहून तो जी विनवणी करायचा, तिलाच चाल लावली एवढंच.

गाणं गाजल्यावर वर्षाच्या आत तो गेला. साधी कावीळ, अकरा दिवस. सव्विसाव्या वर्षी.

आई रडली नाही. आलेल्यांना पाणी विचारत राहिली. पुढे लेक-जावई तिला आपल्याकडे घेऊन आले आणि घरात एक रीत पडली. कुणी ठरवली नाही, आपोआप पडली. कुठूनही ते गाणं ऐकू आलं, की जो जवळ असेल त्यानं आवाज करायचा. नळ सोडायचा. कपाट धाडकन लावायचं. बायको तर हातातलं पातेलं सरळ फरशीवर टाकायची आणि म्हणायची, “निसटलं बाई.” सहा वर्षं तिच्या हातून भांडी निसटत होती. हळूहळू गाणं जुनं झालं, भांडी निसटायची कमी झाली.

आईनं गाणं ऐकू नये, एवढ्या एका गोष्टीवर ते घर उभं होतं. बाकी मग त्या घरात काहीही चालायचं. आई जावयाची टिंगल करायची, “जावईबापू, दिवसभर कापून कापून घरी मात्र कांदासुद्धा चिरत नाही तुम्ही,” म्हणायची. छान चाललं होतं.

कात्री मात्र ते गाणं ऐकायचा. ऑफिसात, डबा खाताना, कानाला हेडफोन लावून. भोंगा त्याला आवडायचा. बायकोला हे माहीत नव्हतं.

तर फ्रिजची जाहिरात आली होती. एक माणूस घरी येतो, घामाघूम, फ्रिजचं दार उघडतो, गारवा, खूश. झालं. गाणं डबा खाताना चालूच होतं. कात्रीनं सहज, खरंच सहज, चित्रांखाली ते सरकवलं. आणि ते बसलं. ‘उघड’ म्हटलं की दार उघडतंय. ‘उशीर झाला’ म्हटलं की माणूस घड्याळाकडे बघतोय. जसं काही भोंगा मरायच्या आधी हीच जाहिरात बघून गेला होता. कात्रीनं ते पाच वेळा बघितलं. टेकू बदलायचा होता, दुपारी बदलू म्हणाला, आणि दुपारी फ्रिजवाले आले.

त्यांच्या मोठ्या बाई होत्या एक. त्यांनी एकदा बघितलं. परत लावा म्हणाल्या. मग उठून उभ्या राहिल्या आणि विचारलं, “कोणी कापलंय हे?”

कात्रीनं वर्गात करतात तसं बोट वर केलं. “मी.”

तेव्हाच सांगता आलं असतं. बाई, हा टेकू आहे, हे गाणं जाहिरातीत नाही जायचं. एवढंच वाक्य. पण खोलीतले सगळे त्याच्याकडे बघत होते, डायरेक्टरसुद्धा, अकरा वर्षांत पहिल्यांदा. तो नुसता हसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हे.

रात्र गेली आणि मग त्याला आई आठवली. त्यानं दोन आठवडे धडपड केली. दुसऱ्या चार धुनी बसवून दाखवल्या. फ्रिजवाले म्हणाले, यात जीव नाही. चित्रं मुद्दाम अशी कापली की गाणं बसू नये. ते म्हणाले, आधीचं कुठे गेलं? त्याला वाटलं गाण्याची कंपनी तरी नाही म्हणेल. भोंग्यानं कधीतरी सही करून सगळं त्यांना देऊन टाकलेलं. त्यांनी एका फोनवर हो म्हटलं.

शेवटी तो साहेबांकडे गेला. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं, मेहुणा, कावीळ, आई, भांडी. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं चष्मा काढला, डोळे चोळले. कात्रीला वाटलं, सुटलो.

“आई आहेत अजून त्याच्या?” साहेब म्हणाला. “कॅमेऱ्यासमोर बोलतील का?”

कात्रीनं हात जोडले, की साहेब, मी काही बोललोच नाही असं समजा.

घरी त्यानं बायकोला सांगितलं ते अर्धंच. ऑफिसवाल्यांनी हे गाणं निवडलंय, माझ्या हातात काही नव्हतं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, टीव्ही बिघडलाय म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशी त्यानं टीव्ही उचलून एका मित्राकडे नेऊन ठेवला. दुरुस्तीला दिलाय म्हणून आईला सांगितलं. ती म्हणाली बरं झालं, तेवढीच वीज वाचेल.

पण आपला टीव्ही नेला म्हणून काय होतं? भिंती तर तिथंच होत्या.

जाहिरात सुरू झाली ती मॅचच्या संध्याकाळी. मोठी मॅच, अख्ख्या इमारतीत सगळे टीव्ही चालू. आई खाली बसून भाजी निवडत होती. पहिली ओव्हर संपली आणि वरून, खालून, दोन्ही बाजूंनी एकदम भोंगा आला. ‘उशीर झाला, मान्य आहे.’ बायकोनं पातेलं टाकलं. कात्रीनं नळ सोडला. तीस सेकंद. संपलं. दुसरी ओव्हर, परत. बायकोनं डबा आपटला. तिसरी, चौथी. बायको आता काही निसटलं वगैरे म्हणतच नव्हती, नुसती आपटत होती. हाताला खरचटलं होतं, केस सुटले होते, आणि कात्री बाथरूममध्ये बादलीवर बादली भरून ओतत होता. दहावी ओव्हर झाली तेव्हा आई म्हणाली, “ठेवा आता ती भांडी. सहा वर्षं ऐकतेय. एक पातेलं धड राहिलं नाही घरात.”

बायकोच्या हातात झाकण तसंच राहिलं.

“तुम्हाला बरं वाटायचं म्हणून मी गप्प होते,” आई म्हणाली. “आता ऐकू दे.”

अकरावी ओव्हर संपली. भोंगा आला. आईनं भाजीचं ताट बाजूला सारलं, गुडघ्यावर हात देऊन उठली, दारापाशी गेली आणि कडी काढली. बाहेर डोकावली. पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. तिनं दार लावलं आणि परत येऊन बसली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कात्रीला वाटलं, आईला हवा हवी असेल.

बाराव्या ओव्हरला ती परत उठली.

मॅच संपली पण जाहिरात कुठली संपायला. उन्हाळाभर चालणार होती. आईनं दारापाशी स्टूल नेऊन ठेवलं. आधी फक्त संध्याकाळी बसायची, मग दुपारीही, मग सकाळचा चहाही तिथंच. बायको म्हणायची, आई अगं, ते गाणं आहे. आई म्हणायची, मला कळत नाही का, गाणं आहे ते. आणि आवाज आला की कडी काढायची. कळायचंही तिला, आणि उठायचीही ती. दोन्ही. त्याचं काय करणार?

डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं नाडी बघितली, झोप कशी लागते विचारलं, गोळ्या लिहायला घेतल्या, आणि त्याचा फोन वाजला. फोनवर तेच गाणं. पुन्हा चलती झाली होती ना त्याची. आई तपासायच्या खुर्चीवरून उठली आणि दवाखान्याचं दार उघडायला गेली. बाहेर बसलेले पेशंट तिच्याकडे बघायला लागले. आईनं त्यांच्यातल्या एकेकाचा चेहरा बघितला.

मग इमारतीतल्या पोरांना कळलं. पोरं म्हणजे काय, देवानं शेपूट तेवढं काढून घेतलेलं. दाराबाहेर येऊन गायची, आईनं दार उघडलं की धूम. जिन्यावरून खिदळायचा आवाज. एक दिवस बायको दाराआड लपून राहिली, एकाला कॉलरला धरला आणि अशी ठेवून दिली की त्याच्या गालावर पाच बोटं उठली. त्या पोराची आई वर आली. पोरांनी जाहिरातीचं गाणं म्हणायचं नाही का? तुमच्या बापाचं आहे का ते? बायको उत्तर द्यायला गेली आणि थांबली. भावाचं आहे म्हणावं तर तेही खरं नव्हतं. आता ते फ्रिजचं होतं. कुणालाही विचारा, फ्रिजचं गाणं म्हणूनच सांगायचे. तिनं माफी मागितली. त्या बाईच्या पाया पडायची बाकी राहिली. दार लावल्यावर भिंतीला टेकून खाली बसली, आणि आई तिच्या शेजारी स्टुलावर, दाराकडे तोंड करून.

या सगळ्यात कात्री ऑफिसात जात होता, येत होता. घरात शिरताना त्याला रोज तोच त्रास. त्यानं बेल वाजवायच्या आधीच दार उघडायचं, आईचा चेहरा उजळलेला असायचा, आणि हा आहे हे दिसलं की विझायचा. “तुम्ही होय,” म्हणायची. “या.”

फ्रिजवाल्यांनी महिन्याभरानं जाहिरात छोटी करायला सांगितली. असंच असतं, लोकांना एकदा तोंडपाठ झाली की तिसाची दहाची करतात, दहात भागतं. कापायचं काम त्याचंच. पहिली ओळ ठेवली, दुसरी, शिव्यांची, काढली.

दोन दिवसांनी रविवारी दाढी घरी आला. दाढी म्हणजे ऑफिसातला साउंडवाला, गोल चेहऱ्याचा, मोकळा माणूस, पोटात काही राहत नाही असा. कुठल्याशा समारंभात जाहिरातीला बक्षीस मिळालं होतं, तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता. आईनं दार उघडलं, तो आत आला, पाणी प्यायला आणि बायकोला म्हणाला, वहिनी, सगळं डोकं याचं हं. आम्ही नुसतं टकटक लावतो. यानं एकट्यानं बसून हे गाणं लावलं, कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी विचारलं कोणी कापलं, तर बोट वर, मी! काय तोरा होता त्या दिवशी.

कात्री म्हणाला, चहा घेणार का. दाढी हो म्हणाला. बायको उठली नाही.

दाढी चहा न घेताच गेला, काहीतरी बिनसलंय एवढं त्यालाही कळलं.

“तू लावलंस?” बायकोनं विचारलं.

“ताल धरायला. बदलायचं राहून गेलं. विसरलो.”

“तू विसरला नाहीस.” तिचा आवाज अजिबात चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. “तुला कुणीतरी शाबास म्हणायला हवं होतं. मला सांगायचं होतंस. मी म्हटलं असतं. रोज म्हटलं असतं.”

तेवढ्यात आई स्टुलावरून उठली. दोघांना वाटलं, परत गाणं लागलं कुठंतरी. पण ती कात्रीकडे आली आणि दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला, लहान पोराचा धरतात तसा.

“तुम्ही आणलंत होय त्याला?” ती म्हणाली. “मला बोलला नाहीत ते.” तिचे डोळे असे चमकत होते की त्याला खाली बघावं लागलं. “थोडा जास्त वेळ नाही का आणता येत? आधी शिव्यांपर्यंत तरी यायचा. आता नुसता दारापर्यंत येतो आणि लगेच जातो. मी उठेपर्यंत गेलेला असतो.”

बायको आतल्या खोलीत गेली. त्या दिवसापासून ती कात्रीशी कामापुरतं बोलायची. जेवायला वाढलंय. गॅस संपलाय. आईच्या गोळ्या आण.

ऊन उतरलं. पाऊस लागला आणि फ्रिजच्या जाहिराती बंद झाल्या, दरवर्षी होतात तशा. पावसात फ्रिज कोण घेतो? आता छत्र्या आणि खोकल्याची औषधं. कात्रीला वाटलं होतं, हे संपेल तेव्हा सगळंच संपेल. भिंतींतून दुसरीच गाणी यायला लागली. आई स्टुलावर बसूनच होती. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. तिनं जेवण अर्ध्यावर आणलं. मान जरा दाराकडे कलती, सारखी.

नवव्या दिवशी तिनं लेकीला विचारलं, “रागावला का गं? मला उठायला वेळ लागायचा.”

बायको कात्रीकडे आली. महिन्याभरात पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघून बोलली. “तू आणलंस, आता तूच पोचवून ये. सांग तिला. काय सांगायचं ते सांग.”

त्यानं सुट्टी घेतली. दुपारी आईसमोर खाली फरशीवर बसला. आई, जाहिरात बंद झाली, म्हणाला. ती म्हणाली, हो का. फ्रिजचा हंगाम संपला, म्हणाला. ती म्हणाली, असं असतं होय. सगळं ऐकून घेतलं तिनं, अगदी शहाण्यासारखं. मग तिनं विचारलं, “मग आता तो कुठून येतो?”

पुढचं वाक्य त्यानं तीनदा तोंडात जुळवलं. भोंगा गेला आई, सात वर्षं होतील आता. तोंड उघडलं आणि म्हणाला, “येईल. बघतो मी.”

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. तिनं ते ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.

कात्री चपला न घालता बाहेर गेला. पॅसेजमध्ये उभा राहिला, दार ओढून घेतलं. खिशातून फोन काढला. अख्खं गाणं होतं त्यात, न कापलेलं, सव्वाचार मिनिटांचं. आवाज पूर्ण केला आणि लावलं. त्याला वाटलं, एकदा पूर्ण ऐकेल, शिव्यांपर्यंत, त्याच्या पुढंही. मनासारखं भेटेल, मग कदाचित जाऊ देईल. खरंच असं वाटलं त्याला. बुडत्याला काय काय वाटतं.

आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला. पावलं. घाईची, फरफटणारी. कडी निघाली.

आईनं दार उघडलं. हसत होती. तिनं त्याला बघितलं, त्याच्या हातातल्या फोनला बघितलं. मग त्याच्यावरून पलीकडे, पॅसेजच्या या टोकाला, त्या टोकाला. मग परत फोनला. गाणं चालूच होतं. भोंगा विनवत होता, मस्करीत, सव्विसाव्या वर्षीच्या आवाजात. तिच्या चेहऱ्यावर काही बदललं असंही नाही म्हणता येणार. पाणी झिरपून जातं तसं ते हसू हळूहळू आत गेलं. ती अशी म्हातारी कधीच दिसली नव्हती.

“तुम्हीच होतात का सगळ्या वेळेला?” तिनं विचारलं.

तो नाही म्हणू शकला असता. हो म्हणू शकला असता.

तिनं दार लावलं. कडी घातली, आणि वरची खिटीसुद्धा, जी वर्षानुवर्षं कुणी लावत नव्हतं. आतून बायकोचा आवाज आला, आई, अगं आई, ऐक ना.

गाणं संपेपर्यंत तो उभा राहिला. बंद करायचं त्याला सुचलं नाही. समोरच्या घराचं दार उघडलं, तिथल्या काकांनी डोकं बाहेर काढलं. त्याचे अनवाणी पाय बघितले, बंद दार बघितलं.

“किल्ली विसरलात वाटतं?”

“हो,” तो म्हणाला.

“मग बेल वाजवा की. आहेत ना सगळे घरात?”

आहेत, म्हणाला. काकांनी दार लावून घेतलं. कात्री पायरीवर बसला. बेल त्यानं वाजवली नाही.